नळीतली नळी

आमच्या साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागाला आहे. बॉयलरच्या ड्रमपासून इव्हॅपोरेटरपर्यंत जिथं जिथं दाब, तापमान, पातळी मोजायची तिथली मीटरं बसवायची आणि झिरो करायची. मीटर चुकीचं दाखवतंय असं कुणी म्हटलं की आधी शिव्या खायच्या, मग पाना घेऊन वर चढायचं. तेवीस गळीत हंगाम यातच गेले. त्यामुळे एका पोरीनं माझ्या नाकातून छत्तीस सेन्सरची नळी आत घातली आणि शेजारच्या पडद्यावर माझ्याच अन्ननलिकेतल्या दाबाचा ट्रेंड उमटायला लागला, तेव्हा घशात टोचत असूनही मी मान वळवून तो पडदा बघायची धडपड करत होतो. "काका, मान सरळ," असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं पडदाच माझ्याकडं वळवला.

पण तिथवर पोचायला अडीच वर्षं गेली.

सुरुवात भाकरीपासून झाली. हंगाम ऐन भरात होता. दुसऱ्या पाळीला डबा उघडला आणि दुसराच घास छातीच्या मधोमध थांबला. ठसका नाही, श्वास कोंडला नाही. घास नुसता थांबला, गव्हाणीत मोळी आडवी व्हावी तसा. वरून पाणी प्यालो तर पाणीही त्याच्यावर जाऊन बसलं. मग उभा राहिलो, खांदे मागं ओढले, छाती भरून श्वास घेतला, आणि थोड्या वेळानं आत काहीतरी सुटून सगळं एकदम खाली गेलं. शेजारचा फिटर म्हणाला, "सावकाश खा की, गाडी सुटाय लागलीय व्हय?"

महिन्यातून एकदा व्हायचं ते आठवड्यावर आलं, मग रोजचं झालं. भात भाकरीपेक्षा वाईट. आणि काही दिवस तर चहासुद्धा अडायचा, जे मला स्वतःलाच खरं वाटायचं नाही. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडतंय ही फार महत्त्वाची खूण असते, हे मला फार पुढं कळलं. आत गाठबीठ असली की आधी घट्ट अडायला लागतं, पातळाची पाळी बऱ्याच उशिरा येते. मी हे प्रत्येक डॉक्टरला सांगितलं होतं. प्रत्येकानं ते ऐकलं आणि कागदावर 'ॲसिडिटी' लिहिलं.

दुसरी खूण रात्रीची. आडवं झालं की संध्याकाळचं वरण तसंच्या तसं तोंडात परत यायचं, उशी भिजायची, खोकल्यानं घर जागं व्हायचं. मी म्हणायचो, "डॉक्टर, पण ते आंबट लागत नाही." आंबट नाही म्हणजे पोटात पोचलेलंच नाही, वरच्या वरच थांबलंय, एवढं साधं गणित होतं. पण सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळीची ताकद तेवढी वीसची चाळीस झाली.

७१ किलोचा मी ५८ वर आलो. आईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, दोन अमावास्यांना. लग्नकार्याला जाणं सोडलं, कारण पंगतीत मधेच उठून मागच्या बाजूला जाणारा माणूस सगळ्यांना दिसतो आणि लोक लगेच दारूचा अर्थ लावतात. एका नामांकित डॉक्टरनं टेन्शनची गोळी दिली तेव्हा बायकोलाही ते पटलं. "अहो, मनातून काढून टाका, म्हणजे उतरेल खाली." तिच्यावर राग नाही. जे कुठल्याच रिपोर्टात येत नाही त्याला माणूस मनाचंच म्हणणार.

मधे दुर्बीणही झाली होती. रिपोर्ट: जठराला सौम्य सूज, बाकी ठीक. आता विचार केला तर यात नवल काही नाही. दुर्बिणीला आतला रंग दिसतो, जखम दिसते, गाठ दिसते. दाब दिसत नाही. ड्रमच्या गेज ग्लासमध्ये पाण्याची पातळी बघून कुणी वाफेचं प्रेशर सांगत नाही. खालच्या तोंडाशी दुर्बीण जराशी अडली आणि दाबल्यावर गेली असणार, पण ते कुणी लिहिलं नाही.

मग कोल्हापुरातले एक वयस्कर डॉक्टर भेटले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. पाणी अडतं का? परत येतं ते आंबट असतं का? घास खाली जावा म्हणून काही युक्ती करता का? मी उठून खांदे मागं ओढून दाखवले. ते हसले आणि बेरियमचा एक्स-रे लिहून दिला. कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं घट्ट पाणी प्यायचं आणि उभ्यानं फोटो काढायचे, पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला. पाचव्या मिनिटालाही माझ्या छातीत त्या पांढऱ्या पाण्याचा वीतभर खांब तसाच उभा होता. वर फुगलेला, आणि खाली निमुळता होत पक्ष्याच्या चोचीसारखा टोकदार झालेला.

"अकॅलेशिया असावा," डॉक्टर म्हणाले. अन्ननलिका संपून जठर सुरू होतं तिथं स्नायूची एक गोल झडप असते. एरवी मिटलेली, घोट आला की उघडणारी. तिला उघडायला सांगणाऱ्या मज्जापेशीच नाहीशा होतात, मग ती उघडत नाही, आणि वरची नळीही घास पुढं ढकलायचं विसरते. वर्षाला लाखात साधारण एखाद्याला होतो. "पण फोटोवरून ऑपरेशन करत नाहीत. आतला दाब मोजून घ्यावा लागेल. मॅनोमेट्री."

मॅनोमेट्री! हा शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मॅनोमीटर माझ्या टूलबॅगेत असतो.

त्यांच्या माहितीतलं मशीन पुण्यात होतं. पहिल्या खेपेचं फार सांगत नाही, कारण ती फुकट गेली. त्या रुग्णालयाच्या छापील कागदावर 'तपासणीआधी ६ तास काही खाऊ नये' एवढंच होतं. मी प्रामाणिकपणे आदल्या रात्री नऊला बहिणीकडं मटकीची उसळ आणि दोन चपात्या खाऊन गेलो, म्हणजे बारा तास उपाशी. नळी घशाच्या खाली उतरली मात्र, आणि ती सगळी उसळ बाहेर आली. ओळखू येईल अशी. ज्याच्या नळीतून खाली काही जातच नाही त्याला सहा तासांचा नियम लावून काय उपयोग? तिथल्या बाईंनी मलाच झापलं, "काका, खाऊन आलात ना?" मी शपथेवर सांगत होतो आणि पुरावा माझ्या शर्टावर होता.

दुसऱ्या खेपेला दुसरीकडं गेलो. तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं आदल्या आठवड्यातच फोन केला. दोन दिवस फक्त पातळ घ्यायचं, शेवटच्या रात्री फक्त पाणी. बीपीची कुठली गोळी चालू आहे तेही विचारलं, कारण त्यातल्या काही गोळ्या या झडपेलाही सैल करतात आणि मग आकडा खोटा येतो. इथंच माझी निम्मी काळजी गेली. मोजायच्या आधी लाइन साफ आहे का विचारणारा माणूस भेटला की कामाचा दर्जा समजतो.

खोली साधी. एक खाट, चाकांच्या गाड्यावर संगणक, शेजारी मोठा पडदा, आणि हुकाला लटकवलेली काळसर नळी, जाडी चार मिलिमीटरच्या आसपास. तिच्यावर एकेक सेंटिमीटर अंतरावर छत्तीस सेन्सर. प्रत्येक सेन्सर एकाच बाजूचा दाब घेत नाही, सभोवताली बारा ठिकाणी घेतो आणि सरासरी काढतो, म्हणजे नळी आत कशीही वळली तरी फरक पडत नाही. मुलीनं आधी ती नळी एका बंद भांड्यात घातली आणि बटण दाबलं. पडद्यावर छत्तीसच्या छत्तीस रेघा एकदम वर गेल्या आणि खाली आल्या.

"कॅलिब्रेशन?" मी विचारलं.

ती चमकली. "तुम्हाला कसं माहीत?"

मी कारखान्याचं सांगितलं. तेव्हापासून ती मला पेशंटसारखं न वागवता पाहुण्या कामगारासारखं वागवायला लागली, आणि तेच मला बरं वाटलं. नळीची किंमत लाखांत असते, म्हणून चावायची नाही, ओढायची नाही, असा दमही दिला.

एककाचा मात्र मला धक्का होता. हे लोक सगळं मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. आमचा बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला ४५ किलो दाबावर चालतो, म्हणजे पाऱ्याच्या हिशेबात तेहतीस हजार मिलिमीटरच्या वर. आमच्या ड्रमवरच्या गेजवरची सगळ्यात लहान रेघ एक किलोची, म्हणजे जवळजवळ ७३५ मिलिमीटर. इथं सगळा खेळ १५ मिलिमीटरच्या अलीकडं की पलीकडं यावर. गेली अडीच वर्षं मला घास घेऊ न देणारा दाब आमच्या गेजवर टिचकी मारून काटा हलतो तेवढासुद्धा नव्हता.

नाकपुडीत बधिर करणारी जेली लावली, ती मागं घशात कडू उतरली. मी बसलेला, हनुवटी छातीला टेकवलेली, हातात स्ट्रॉ घातलेला पाण्याचा पेला. "मी ढकलले की घोट घ्या." नाकाच्या मागच्या वळणावर डोळ्यांतून पाणी आलं, घशाच्या मागच्या भिंतीला लागल्यावर उमासा आला, आणि त्यापुढं त्रास जवळजवळ नाहीच. खाली मात्र नळी अडली. जिथं भाकरी अडते तिथंच.

पडद्यावर तेव्हा एक गंमत दिसली. वरपासून खालपर्यंत दाबाचे पट्टे, आणि मधूनच खाली तेच पट्टे उलटे, आरशात पडल्यासारखे. "नळी दुमडली," ती म्हणाली. टोक झडपेवर आपटून माघारी वळलं होतं, म्हणून एकाच जागेचा दाब दोन सेन्सर दोनदा सांगत होते. तिनं थोडी मागं ओढली, मला ताठ बसवलं, हळू श्वास घ्यायला सांगितला. तिसऱ्या वेळी नळी झडपेतून घसरली. मला कळलं, कारण आत टोचायचं थांबलं आणि दाबून धरल्यासारखं वाटायला लागलं.

"आता मोठा श्वास."

मी घेतला. पडद्यावर खालच्या सेन्सरांचा दाब चढला आणि वरच्यांचा उतरला. पोटात दाब वाढतो, छातीत कमी होतो, आणि जिथं हे उलटं होतं ती श्वासपटलाची रेघ. नळी पोटात पोचली याचा हा पुरावा. एवढ्या वर्षांत मी दाब कळवणारे शेकडो ट्रान्समीटर बसवले, पण ते बरोबर जागी बसलेत याची खूण पाइपनंच श्वास घेऊन द्यावी असं कधी झालं नव्हतं.

मग आडवं व्हायचं, आणि एक मिनिट आवंढा गिळायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. दहाव्या सेकंदाला जिभेखाली लाळ साठते, विसाव्याला सगळं चित्त घशात येतं, आणि तुम्ही गिळायचं नाही म्हणून गिळता. माझं दोनदा फसलं. हा आराम चालू असतानाचा दाब त्यांना मूळ पातळी म्हणून लागतो. शेवटी मी छताकडं बघत गव्हाणीवरचे ऊसगाड्यांचे नंबर आठवत बसलो, तेव्हा जमलं.

त्यानंतर मुख्य काम. पिचकारीनं तोंडात पाच मिलिलिटर मिठाचं पाणी, एकाच आवंढ्यात गिळायचं, मग अर्धा मिनिट गप्प. असं दहा वेळा. मीठ कशाला तर नळीवरचे आणखी काही सेन्सर पाण्यातून वीज वाहते का तेही बघतात, म्हणजे दाबाबरोबरच पाणी कुठं थांबलं हेही कळतं.

पडद्यावर आडवा वेळ, उभी नळीची लांबी, आणि दाबाला रंग. निळा कमी, मग हिरवा, पिवळा, लाल. धडधाकट माणसाचं चित्र तिनं आधी दाखवलं होतं, नाव झाकून. घोट घेतला की वरचा लाल पट्टा क्षणभर फाटतो, तिथून एक पिवळा-लाल पट्टा तिरका खाली उतरत जातो, आठ-दहा सेकंदांत तळाशी पोचतो, आणि तो पोचायच्या आधीच तळाचा पट्टा निळा होऊन त्याला वाट करून देतो. न्हाव्यानं वस्तरा वरून खाली ओढावा तसं सफाईदार.

माझं चित्र वेगळं होतं. वरचा पट्टा फाटला. मग तिरकं काहीच नाही. त्याऐवजी वरपासून खालपर्यंत एकाच क्षणी सगळी नळी हिरवी झाली, उभ्या भिंतीसारखी. आणि तळाचा पट्टा होता तसाच, पिवळा, मिटलेला. दुसरा घोट, तेच. तिसरा, तेच. पाचव्या-सहाव्या घोटाला मला त्या हिरव्या भिंतीची आणि छातीतल्या कळीची वेळ जुळताना दिसली. रंग चढला की दुखत होतं, उतरला की थांबत होतं. बायको दाराशी उभी होती. तिला म्हटलं, "बघ." नाकात नळी असताना बोलू नये, पण बोललो.

ती काही बोलली नाही. रुमालानं माझ्या तोंडाच्या कडेची लाळ पुसली.

मग भराभर पाच छोटे घोट, मग उठून बसून आणखी पाच, आणि शेवटी २०० मिलिलिटर पाणी एका दमात. हा शेवटचा प्रकार माझ्यासारख्यांसाठी शिक्षाच आहे. निम्म्यावर पाणी घशाशी आलं, मुलगी ट्रे घेऊन तयारच होती. पडद्यावर नळी गळ्यापर्यंत भरलेली दिसत होती, टाकी भरून वाहायला लागावी तशी. नळी काढली ती एका ओढीत, सर्रकन. ती लगेच हुकाला न टांगता तिनं काही सेकंद हवेत धरून पुन्हा नोंद घेतली. सेन्सर खोलीच्या तापमानाला झिरो केलेले, आणि आत सदतीस अंशात राहिलेले. तेवढ्यानं थोडी चूक शिरते, ती संगणक नंतर वजा करतो. हे ऐकून मला आमच्या कंत्राटदाराची आठवण झाली, ज्यानं वाफेच्या लाइनवर साधे ट्रान्समीटर सायफन, म्हणजे गरम वाफ थेट मीटरला लागू न देणारी वळणदार नळी, न लावता बसवले होते आणि वर्षभर भांडला होता.

मी विचारलं, ॲनालिसिस करताना बसू का? तिनं डॉक्टरांना विचारलं, आणि मला स्टूल मिळालं. या सगळ्या प्रकारात मला सांगण्यासारखं जे आहे ते खरं तर इथं घडलं.

संगणकानं दहाही घोट आपले आपण ओळखले, चौकटी आखल्या आणि आकडे मांडले. सगळ्यात महत्त्वाच्या आकड्याला ते आयआरपी म्हणतात. घोट घेतल्यावरच्या दहा सेकंदांत झडपेचा दाब ज्या चार सेकंदांत सगळ्यात कमी असतो, मग ते सेकंद सलग असोत नसोत, त्यांची सरासरी. म्हणजे झडप जास्तीत जास्त किती सैल पडली ते. त्या यंत्राला १५ ची हद्द होती. दुसऱ्या एका बनावटीच्या यंत्राला ती २२ आहे, असं ती म्हणाली, म्हणजे कुठल्या यंत्रावरचा आकडा हे विचारल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

माझा आकडा आला १२. नॉर्मल.

मला घाम फुटला. अडीच वर्षं, तेरा किलो, आणि पुन्हा नॉर्मल?

मुलगी मात्र शांत. "ऑटो आहे काका हे." तिनं झडपेची चौकट दाखवली. संगणकानं ती दोन सेंटिमीटर खाली, जवळजवळ जठरातच धरली होती. गिळताना अन्ननलिका आखडते आणि झडप वर सरकते. ती चौकटीबाहेर गेली, आणि यंत्र तिच्या जागी खालच्या सैल पोटाचा दाब मोजून 'झडप उघडली' म्हणत बसलं. शिवाय तीन घोटांना त्यानं 'आकुंचन' असा शेरा मारला होता, कारण हिरवी भिंत म्हणजे त्याच्या लेखी दाब, आणि दाब म्हणजे स्नायूचं काम. प्रत्यक्षात तो बंद डब्यातला दाब होता. दोन्ही टोकं मिटलेली, मधे पाणी, आणि सगळीकडं सारखाच दाब. ती माऊस धरून एकेका घोटाची चौकट वर ओढत गेली. १२ चे १९ झाले, मग २६. दहाव्या घोटानंतर दहांतला मधला आकडा ३१ वर थांबला.

आमच्याकडं एकदा ड्रमच्या पातळीची बारीक नळी चोंदली होती. कंट्रोल रूममध्ये पातळी तीन तास सरळ रेघेत, सगळे खूश. फायरमन म्हातारा होता, तो म्हणाला, "पाणी एवढं गुमान कवा राहतंय व्हय?" आणि वर जाऊन काच बघून आला. त्या पोरीनं तेच केलं. पहिल्या रुग्णालयात नळी कशीबशी गेली असती आणि कुणी ऑटोचं प्रिंट मारून हातात दिलं असतं, तर मी आजही टेन्शनची गोळी खात असतो.

डॉक्टरांनी चित्रं पुन्हा पाहिली आणि म्हणाले, टाइप दोन. शिकागो वर्गीकरण म्हणून एक पद्धत आहे, तिची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये आली. त्यानुसार अकॅलेशियाचे तीन प्रकार. पहिल्यात मधली नळी अगदी थंड, दुसऱ्यात ती हिरवी भिंत, तिसऱ्यात नळी वेडीवाकडी आवळते. उपचार साधारण तेच, पण दुसऱ्याला गुण सगळ्यात चांगला येतो आणि तिसऱ्याला स्नायू बराच वरपर्यंत कापावा लागतो. म्हणजे रंग बघून कापायची लांबी ठरते. "तुम्ही त्यातल्या त्यात नशीबवान," ते म्हणाले. आजाराच्या बाबतीत मला पहिल्यांदाच कुणी असं म्हटलं.

रात्री बहिणीकडं झोप येईना, तेव्हा मी हिशेब मांडला. पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे पाण्याचा १.३६ सेंटिमीटर. ३१ मिलिमीटर म्हणजे ४२ सेंटिमीटर पाण्याचा हेड, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या खांबाचा दाब. अन्ननलिका जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. नळी गळ्यापर्यंत पाण्यानं भरली तरी हेड पंचवीसच, बाकीचा सतरा कुठून आणायचा? तो मी खांदे ओढून, श्वास कोंडून आणत होतो! अडीच वर्षं मी रोज जेवताना बूस्टर पंप चालवत होतो आणि लोक म्हणत होते मनातून काढून टाका. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कागद दाखवला. ते म्हणाले, छातीतला आणि पोटातला दाब धरला तर हिशेब इतका सरळ राहत नाही, पण युक्ती कळली तुम्हाला. कागद त्यांनी ठेवून घेतला.

त्यांनीच मग जुन्या गोष्टी सांगितल्या. १६७४ मध्ये टॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं असाच एक रोगी देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून, तो घशातून खाली दाबून जगवला होता. १८८३ मध्ये क्रोनेकर आणि मेल्त्झर यांनी फुगे गिळायला लावून गिळण्याचा दाब नोंदवला. नंतर कित्येक दशकं पाच-सात ठिकाणच्या रेघा कागदावर काढायचे आणि दोन सेन्सरांच्या मधे काय चाललंय याचा अंदाज बांधायचे. १९९० च्या दशकात अमेरिकेत सेंट लुइसच्या रे क्लाउस यांनी तो मधला भाग संगणकाकडून भरून घेतला आणि डोंगराच्या नकाशासारखं चित्र काढलं. मला हे फार आवडलं. आम्ही डीसीएसवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या संगणकावर, आजही रेघाच बघतो.

उपचाराचं थोडक्यात. फुगा फुगवून झडप ताणता येते, पोटातून दुर्बिणीनं स्नायू कापता येतो, किंवा तोंडातून. जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केलेली ती तोंडातून करायची पद्धत, पोएम, मी निवडली. आतल्या अस्तराला छोटी चीर, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा, आतून स्नायू कापायचा आणि चिरेला क्लिपा. बाहेर एक टाका नाही. तिसऱ्या दिवशी पेज प्यालो. ती पिताना काहीच जाणवलं नाही, इतकं की मी पेल्यात बघितलं, खरंच संपली का.

फुकट काही मिळत नाही. झडप कापल्यामुळे आता खरीखुरी ॲसिडिटी झाली आहे. ज्या गोळ्या मी अडीच वर्षं विनाकारण खाल्ल्या त्याच आता कारणानं खातो. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन दोन विटा आहेत. जेवण साडेसातला, ताठ बसून, कारण मधली नळी काही ढकलत नाही, घास आपल्या वजनानं उतरतो. वजन ६७.

वर्षानं पुन्हा तीच खोली, तीच मुलगी, तोच दम, चावायची नाही, ओढायची नाही. नळी पहिल्या खेपेला खाली गेली. आयआरपी ९, हातानं चौकट तपासून. मधला भाग मात्र निळाच, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, तिरका पट्टा नाही तो नाहीच. "तो परत येईल असं धरू नका," ती म्हणाली. मी म्हटलं, ठीक आहे.

मग बसून २०० मिलिलिटर पाणी. ती संगणकाकडं वळून वेळेची खूण करायला गेली तोवर मी पेला रिकामा करून तिच्यापुढं धरला.

"थांबा काका," ती वैतागली, "मी अजून मार्क केलं नाही. परत प्या."